दुसरा कुत्रा आणण्यापूर्वी

घरात एक कुत्रा आहे, दुसरा आणावा की नाही? हा प्रश्न खरे म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना विचारायचा. पण तो माझ्यासारख्या माणसांच्या डॉक्टरकडेही येतो, आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. पिल्लू घरी आलेले असते, त्याचे नाव ठेवून झालेले असते, आणि धाकट्याच्या मनगटावर दातांचे दोन ओरखडे घेऊन मंडळी दवाखान्यात बसलेली असतात. "डॉक्टर, पिल्लूच आहे हो, खेळताना लागलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या म्हणजे झालं."

तेवढ्याने होत नाही, म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

पहिला कुत्रा घरात विचार करून आणला जातो. चार ठिकाणी चौकशी होते, जात कोणती घ्यायची यावरून घरात वाद होतात, जनावरांच्या दवाखान्यातून लसीचे कार्ड मिळते आणि ते रेशनकार्डाच्या जोडीला कपाटात जाते. दुसरा कुत्रा बहुधा आणला जात नाही, तो येतो. शेजारच्या कुत्रीला सहा पिल्ले झालेली असतात, एखादे ओळखीचे कुटुंब बदलीच्या गावी निघालेले असते, किंवा ओढ्याच्या पुलाखाली पावसात कुडकुडणारे पिल्लू मुले शाळेतून येताना दप्तरात घालून आणतात. घरात एक आहेच, त्याच्याबरोबर हाही वाढेल, असा हिशोब असतो. दुसऱ्या कुत्र्याच्या निमित्ताने माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी या हिशोबातून निघालेली असतात. पहिल्याचे कार्ड असते, दुसऱ्याचे नसते.

तीनेक वर्षांपूर्वीची हकिगत सांगतो. एकत्र कुटुंब, आजी-आजोबा धरून नऊ माणसे, आणि चार वर्षांची एक लॅब्रेडोर कुत्री. थोरल्या मुलाने हायवेवरच्या ढाब्यापाशी सापडलेले दोनेक महिन्यांचे पिल्लू घरी आणले. पहिले दोन दिवस ते सगळ्यांच्या मांडीवर होते. तिसऱ्या दिवशी खाईना. चौथ्या दिवशी समोर येईल ते चावू लागले. पायपुसणे, खाटेचा पाय, आजींचे बोट. लॅब्रेडोरच्या कानालाही त्याने दात लावले. मग खालचा जबडा लोंबला, लाळ गळू लागली, आणि सातव्या दिवशी ते मेले. मंडळींनी ते परसात पुरले आणि आणखी तीन दिवसांनी आजींचे बोट सुजले म्हणून माझ्याकडे आली. बोलता बोलता पिल्लाची गोष्ट निघाली. ते पिसाळलेलेच होते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण डिस्टेंपर नावाच्या रोगातही पिल्लांना झटके येतात. पण असे वागून मेलेले जनावर रेबीजचेच होते असे धरून चालायचे असते. एकेकाला विचारत गेलो. कुणाला दात लागले होते, कुणाला नखे, धाकट्या दोघांचे तोंड त्याने मनसोक्त चाटले होते. नऊपैकी सात जणांना लस द्यावी लागली आणि त्यांतल्या पाच जणांना लसीबरोबर सीरमही. उरलेल्या दोघांनी फक्त धड कातडीने हात लावला होता, त्यांना काही लागले नाही. लॅब्रेडोरचे कार्ड मात्र तारखेनिशी पुरे होते. पशुवैद्यकांनी तिला लगेच पुन्हा लस टोचली आणि दीड महिना नजरेखाली ठेवायला सांगितले. सगळे सुखरूप आहेत, कुत्रीही.

लहान पिल्लाला रेबीज होत नाही, हा आपल्याकडचा फार जुना आणि फार धोक्याचा समज आहे. आईच्या किंवा दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्यातून पिल्लालाही तो होतो. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि ती अंगी लागायला पुढे काही आठवडे जातात. तोपर्यंत रस्त्यावरून उचललेले पिल्लू उघडेच असते. माणसात चाव्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, कधी आठवडाच, तर कधी वर्षाहून जास्त. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी वाचत नाही, असेच समजावे. २०२२-२३ मध्ये आयसीएमआरने देशभर घरोघर केलेल्या पाहणीवरून आपल्या देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने दगावतात असा अंदाज निघाला. त्यांतला प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो, ही यातली खरी खंत आहे.

म्हणून घरच्या पिल्लाचे दात लागले तरी जखम आधी नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटेसुद्धा पंधरा वाटतात. वर मिरचीपूड, चुना, हळद, तेल यांतले काहीही लावू नका. जखमेला लगेच टाके घालण्याचा आग्रह धरू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शने आठवून अजून कित्येक जण टाळाटाळ करतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद आहे. आता इंजेक्शने दंडात आणि लहान बाळांना मांडीत देतात. स्नायूत द्यायची लस पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. काही सरकारी रुग्णालयांत कातडीत टोचण्याची पद्धत आहे, तिच्या तारखा थोड्या वेगळ्या असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ही लस मोफत मिळते. रक्त आले असेल तर जखमेभोवती सीरमही भरावे लागते.

"कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतो आणि मग बघतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दहा दिवसांचा नियम खरा आहे. चावलेला कुत्रा दहा दिवसांनी धडधाकट असेल तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे म्हणता येते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढची इंजेक्शने थांबवता येतात. पण लस पहिल्याच दिवशी सुरू करायची, दहा दिवसांनंतर नव्हे.

ज्या घरात दोन कुत्री आणि लहान मुले दोन्ही असतील, तिथे मी मुलांना आधीच तीन इंजेक्शने घ्या असे सुचवतो. पहिल्या दिवशी एक, सातव्या दिवशी दुसरे आणि तिसरे एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. मुले सगळेच ओरखडे घरी सांगत नाहीत. आधी लस झालेली असेल तर पुढे चावा झाल्यावर फक्त दोन इंजेक्शने लागतात आणि सीरम लागत नाही. पण ती दोन चुकवायची नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसरा कुत्रा कशासाठी हवा आहे? "आमचा मोती दिवसभर एकटा पडतो, त्याला सोबत हवी," हे मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले कारण. घरची माणसे बाहेर पडली की रडणारा, दार ओरबाडणारा कुत्रा बहुतेक वेळा माणसांसाठी रडत असतो. जोडीला दुसरा आणला तरी त्याचे रडणे थांबेलच असे नाही. उलट नवा त्याच्याकडून ते शिकतो आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. त्याला हवे असते ते सकाळ-संध्याकाळ बाहेर फिरणे आणि घरातल्या कुणाचा तरी थोडा निवांत वेळ. एकाला फिरवायला कुणाला सवड नाही, अशा घरात दुसरा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंका असेल तर एखाद्या परिचिताचा शांत, लस टोचलेला कुत्रा आठवडाभर सांभाळून पाहा. रविवारी नव्हे, कामाच्या दिवसांत. सोमवारी सकाळी डबे भरताना, स्कूलबस आलेली असताना दोन कुत्री पायात आली की उत्तर आपोआप मिळते.

पहिल्या कुत्र्यालाही या बाबतीत मत असते. दीड-दोन वर्षांचा, हाक मारल्यावर येणारा, अन्नावर हात ठेवला तरी न गुरगुरणारा कुत्रा दुसऱ्याला बहुधा सामावून घेतो. दहा-अकरा वर्षांच्या, सांधे धरलेल्या कुत्र्यापुढे दोन महिन्यांचे पिल्लू सोडणे हा मात्र म्हाताऱ्याचा छळ आहे. दिवसभर ते कानाला लोंबकळते, आणि एक दिवस शांत म्हणून नावाजलेला तो कुत्रा कुणाला तरी चावतो. नर आणि मादी अशी जोडी सहसा बरी जमते, पण दोघांचीही नसबंदी करून. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, गाभण राहिल्यापासून सुमारे ६३ दिवसांत विते, आणि बहीण-भाऊ हे नाते कुत्रे पाळत नाहीत. दोन माद्यांची एकदा लागली की ती भांडणे फार कडवी होतात, असे पशुवैद्यक सांगतात. एकाच वेतातली दोन पिल्ले एकदम आणण्याचा मोहही टाळावा. ती एकमेकांतच रमतात आणि माणसाचे शिकणे राहून जाते.

भांडणांचा विषय माझ्या खात्यातला आहे, कारण कुत्र्यांची भांडणे सोडवताना माणसे चावून घेतात. एक निवृत्त शिक्षक, स्वतःच्याच दोन कुत्र्यांच्या मध्ये हात घालून बसले. भांडण एका भाकरीवरून. उजव्या अंगठ्याचा स्नायुबंध तुटला, मिरजेला शस्त्रक्रिया करावी लागली, आणि आज चार वर्षांनंतरही त्यांना शर्टाचे बटण लावताना त्रास होतो. चावणारा त्यांचा लाडका जुना कुत्रा होता, नवा नव्हे. भांडणाऱ्या कुत्र्याला त्या क्षणी मालक ओळखू येत नाही. अशा वेळी बादलीभर पाणी ओता, पत्र्याचे झाकण आपटून मोठा आवाज करा, मध्ये पाट किंवा फळी सरकवा. गळपट्ट्याला हात घालू नका. हाताचा चावा वरून टिचभर दिसला तरी आत खोल असतो आणि लवकर चिघळतो. त्याला घरचे मलम पुरत नाही.

घरातल्या माणसांचा विचार तर आधी व्हायला हवा. कुणाला दमा असेल आणि एका कुत्र्याने तो वाढत असेल तर दुसऱ्याचा विषयच काढू नये. केस न गळणारी, दम्याला चालणारी जात म्हणून जे विकले जाते त्यावर विश्वास ठेवू नका. त्रास केसांचा नसतो, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा असतो, आणि ती प्रत्येक जातीत असतात. सत्तरीच्या पुढची माणसे घरात असतील तर पडण्याचा धोका मनात धरा. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २००९ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे तिथे वर्षाला सुमारे ८६ हजार माणसे कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होत होती आणि त्यांत कुत्र्यांचा वाटा फार मोठा होता. आपल्याकडे कुणी मोजले नसेल, पण पहाटे अंधारात न्हाणीघराकडे जाताना दारात आडव्या झोपलेल्या कुत्र्यावर पाय पडून खुब्याचे हाड मोडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. दोन साखळ्या एका हातात धरून फिरायला जाणे पासष्टीनंतर कुणीही करू नये. एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे, आणि समोरून मांजर जाते.

गर्भारपणात कुत्रा नको, असे सासूबाई सांगतात. ज्या टोक्सोप्लाझ्मा रोगाची भीती असते तो मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येतो, कुत्र्याला त्यात उगाच गोवले जाते. पण बाळ आणि पिल्लू एकाच वर्षात आणू नका, एवढे मी जरूर सांगेन. दोघांनाही रात्री उठावे लागते आणि उठणारी एकच बाई असते. कॅन्सरची औषधे चालू असलेले किंवा प्लीहा काढलेले कुणी घरात असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवे जनावर आणू नये. अशा माणसांना कुत्र्याच्या लाळेतले साधे जंतूही भारी पडतात.

जंतांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याकडे कुणी बघत नाही. पिल्लाला गोल जंत बहुधा आईच्या पोटातूनच मिळालेले असतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यायचे असते. या जंतांची अंडी विष्ठेबरोबर पडतात, पण पडल्या पडल्या ती लागत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे मुरावी लागतात. म्हणजे अंगणातली घाण रोजच्या रोज उचलली तर धोका बराचसा तिथेच संपतो. नाहीतर अंगणात खेळून न धुतलेल्या हाताने खाणाऱ्या मुलाच्या यकृतात, क्वचित डोळ्यातही, हे जंत जाऊन बसतात.

दुसरा प्रकार पट्टकृमीचा. खाटकाकडून कुत्र्यांसाठी कच्चे काळीज-फुप्फुस आणण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि कुत्री दोन झाली की ती वाढते, कारण स्वस्त पडते. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांत कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ धरते. तिला हायडॅटिड म्हणतात. ती वर्षानुवर्षे गुपचूप वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करूनच काढावी लागते. आपल्या जत-आटपाडीकडच्या मेंढपाळ भागातल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. काळीज-फुप्फुस द्यायचेच तर चांगले उकळून द्या. आणि ताटातले उरलेले घालताना कांद्याची भाजी, द्राक्षे, बेदाणे वगळा. कांद्याने कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात, द्राक्षा-बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तासगावच्या शेडवर राखणीला ठेवलेल्या कुत्र्यांच्या मालकांना हे पटत नाही, तरी सांगतो.

गोचिडांचे औषध दोघांना एकाच दिवशी लावा. मादी रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे एकालाच औषध लावले तर महिन्याभरात दोघांवरही गोचीड असतात. फटी बुजवा, अंथरूण उन्हात टाका. गोचीड काढताना बोटांनी चिरडू नका, त्यातून माणसालाही ताप येऊ शकतो.

एवढे सगळे वाचूनही दुसरा आणायचा असेल, घरात फिरवणारी दोन माणसे असतील, दुप्पट खर्चाची तयारी असेल आणि सुटीत गावाला जाताना दोघांना कुठे ठेवायचे हे ठरलेले असेल, तर अवश्य आणा. मी नाही म्हणणाऱ्यांतला नाही. संध्याकाळी दोन कुत्र्यांमागे चालणाऱ्या माणसांची रक्तातली साखर माझ्या गोळ्यांइतकीच त्या चालण्याने ताब्यात राहते, हे मी बघतो.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. किती जोराने चावल्यावर दुसऱ्याला दुखते, हे ते आपल्या भावंडांतच शिकते. घरी आणण्याच्या आदल्या दिवशी जुन्याचे कार्ड काढून रेबीजची तारीख तपासा. नव्याला आधी दवाखान्यात न्या, मग घरी. पहिले दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा. रक्ताची हगवण लागून पिल्ले मरतात तो पार्वो रोग माणसाला होत नाही, पण त्याचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसावी लागते. गेल्या वर्षभरात घरात या रोगाने पिल्लू गेले असेल तर लसी पुऱ्या झालेला मोठा कुत्राच आणा. दोन आठवड्यांनंतर दोघांची पहिली भेट घरात नको, मोकळ्या मैदानात घडवा, दोन साखळ्या दोन माणसांच्या हातांत. आणि पुढे कितीही गट्टी जमली तरी दोघांना जेवायला एका खोलीत घालू नका. ताटल्या दोन, कोपरे दोन, आणि खाणे संपेपर्यंत लहान मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.